नातू जर्मनमध्ये उत्तर देतो, मी काय करू?

पत्र : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. लेक श्टुटगार्टला असते, जावई कोइमतूरचे. दोघं आपापसांत इंग्रजी बोलतात. नातू तीन वर्षं आठ महिन्यांचा आहे. दीड वर्षाचा असल्यापासून तिथल्या बालवाडीत जातो, तिला किता म्हणतात. लेक त्याच्याशी मराठी बोलते, त्याला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. फोनवर आमच्याशी तर तोंडच उघडत नाही. किताच्या बाई म्हणाल्या, घरीही जर्मन बोला. आमच्या ह्यांचं म्हणणं, चार भाषांनी पोराचं डोकं गोंधळलंय, एकच काहीतरी धरा. मला वाटतं, निदान इंग्रजी तरी बोलू दे, ते मला थोडं येतं. ऑगस्टमध्ये लेक आणि नातू सहा आठवडे येताहेत, जावई शेवटचे दोन आठवडे. मी काय करू?
– एक आजी, नाशिक

काकू, सप्रेम नमस्कार.

आधी काकांच्या शंकेबद्दल. नातवाचं डोकं गोंधळलेलं नाही. गोंधळला असता तर किताच्या बाईंशी मराठी बोलला असता. हा गडी बाईंशी जर्मन बोलतो, आईने मराठीत सांगितलेलं ऐकून बूट काढतो, हात धुतो आणि उत्तर मात्र तोंडात जी भाषा आधी येते तीत देतो. कुणापुढे काय चालतं हे त्याने बरोबर हेरलंय, आणि आईला जर्मन कळतं हे तर फारच पक्कं. एका वाक्यात दोन भाषा आल्या तरी बिघडत नाही. 'फॅन बंद कर आणि गेट लावून घे' असं आपणही दिवसभर बोलतच असतो.

तुमच्या इंग्रजीला मात्र कृपा करून आवर घाला. साऱ्या घरात जर्मन अजिबात न चालणारी माणसं म्हणजे तुम्ही आणि काका. मराठी बोलण्याची खरीखुरी गरज त्याला फक्त तुमच्यापाशी पडते. तुम्ही इंग्रजीत उतरलात तर तीही संपली. इंग्रजीची काळजी नको, ती शाळेतून आणि आईबापांच्या बोलण्यातून त्याला मिळणारच आहे.

किताच्या बाईंचा हेतू चांगला आहे, सल्ला चुकीचा. जर्मन त्याला आठवड्याला चाळीस तास मिळतं, तेही ती मातृभाषा असलेल्या माणसांकडून. मोठेपणी क्लास लावून शिकलेलं जर्मन लेक-जावयांनी घरी बोललं, तर त्याच्या जर्मनमध्ये फारशी भर पडणार नाही. उलट गोष्टी रंगवून सांगणं, रागावणं, समजूत काढणं हे आई ज्या भाषेत मनापासून करते, तीच घरातून जाईल. जर्मन वाढवायचंच असेल तर कितामधल्या एखाद्या मित्राला शनिवारी खेळायला बोलवावं.

एक तपासणी मात्र टाळू नका. मुलाला किती बोलता येतं हे सगळ्या भाषा मिळून मोजायचं असतं, एकट्या मराठीवरून किंवा एकट्या जर्मनवरून नाही. दोन वर्षांचा असताना मिळून पन्नासेक शब्द येत होते का, दोन शब्द जोडत होता का, आणि आता निदान एका भाषेत पुरी वाक्यं बोलतो का, ती परक्या माणसाला बहुतेक कळतात का, एवढं लेकीला विचारा. त्याचं जर्मन वर्गातल्या मुलांच्या बरोबरीचं असेल तर प्रश्न फक्त मराठीचा आहे, बोलण्याच्या क्षमतेचा नाही. सगळ्याच भाषांत मागे असेल, किंवा येत असलेले शब्द गमावत असेल, तर आधी कान तपासायचे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं, कमी ऐकू येतं, आणि घरचे भाषांना दोष देत बसतात. जर्मनीत मुलांच्या ठरलेल्या तपासण्यांपैकी 'ऊ-आठ' नावाची तपासणी ४६ ते ४८ महिन्यांच्या दरम्यान होते, म्हणजे नेमकी त्याच्या नाशिकवारीच्या आगेमागे. परतल्यावर लगेचची वेळ लेकीने आत्ताच घेऊन ठेवावी आणि डॉक्टरांना चारही भाषांचं स्पष्ट सांगावं.

आता पुढचा भाग लेकीला वाचून दाखवा, कारण खरी गळती तिच्याकडे आहे. यात तिचा दोष काढायचा नाही, हिशेब पाहायचा आहे.

या वयाचं मूल दिवसाला साधारण बारा तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ८४. किता आठ ते चार धरली तर ४० तास तिकडे गेले. उरले ४४. यातलं मराठी किती? एका आठवड्याची वही ठेवा. दर अर्ध्या तासाला एकच नोंद : मोठ्या माणसाने त्याच्याशी थेट कोणत्या भाषेत बोललं. टीव्ही आणि मोबाइल धरायचे नाहीत. अशा घरांत बहुधा असं निघतं की सकाळी पाऊण तास, रात्री झोपवताना अर्धा तास आणि शनिवार-रविवारी तिघं एकत्र असल्यामुळे बरंचसं इंग्रजी. मराठीची बेरीज आठ-नऊ तासांच्या पुढे जात नाही. जागेपणीच्या वेळेच्या एक पंचमांशापेक्षा कमी वाटा असलेली भाषा मूल समजतं पण बोलायला नाखूश असतं, असा या क्षेत्रातला ढोबळ ठोकताळा आहे. ८४ चा पाचवा हिस्सा म्हणजे सतरा तास. लेकीला आणखी आठ तास शोधायचेत.

त्या आठ-नऊ तासांतलं बोलणंही कसलं, तर 'ऊठ, दात घास, चल, उशीर होतोय'. आज्ञेला उत्तर लागत नाही, मान डोलावली की काम भागतं. त्यामुळे नुसते तास वाढवून उपयोग नाही, त्याला क्रियापदं वापरून काही सांगावं लागेल असे तास हवेत. शनिवारी सकाळचे तीन तास फक्त आई आणि मुलगा, रोज संध्याकाळची आंघोळ, आणि शक्य असेल त्या दिवशी किताहून घरी चालत येणं, एवढ्यात आठ तास सहज निघतात.

जेवणाचं टेबल हा अवघड भाग. तिथलं इंग्रजी काढायचं. लेकीने मुलाशी मराठी, जावयांनी मुलाशी तमिळ, दोघांनी एकमेकांशी खुशाल इंग्रजी, पण मुलाकडे वळलं की आपापली भाषा. आणि एकमेकांसाठी भाषांतर करत बसायचं नाही. वाढ, पुरे, अजून, गरम, सांडलं, आंबट असे जेवताना लागणारे शब्द साठ-सत्तरच असतात, महिन्याभरात जावयांच्या कानाला ते सरावतात. पहिले पंधरा दिवस जेवण जरा मुकं होतं, आणि इथेच बहुतेक घरं माघार घेतात. 'एक माणूस, एक भाषा' ही पद्धत जुनीच. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा यांनी १९१३ मध्ये आपल्या मुलावरच्या निरीक्षणांतून तिचा पाठपुरावा केला होता. पद्धत चांगली आहे, पण तिने दिवसाचे तास वाढत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ आनिक द हाउवर यांनी २००७ मध्ये बेल्जियमच्या डच भाषक भागातल्या सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी मांडली, तीत साधारण चौथ्या हिश्श्याच्या घरांत मुलं घरची वेगळी भाषा बोलतच नव्हती, कानावर पडत असूनही. जिथे दोन्ही पालक घरात तीच भाषा बोलत आणि डच फार तर एक जण, तिथे जवळजवळ सगळी मुलं बोलत होती. तुमच्या लेकीला जावयांची जोड मराठीत मिळणार नाही, म्हणून तिचे स्वतःचे तास आणि तुमचे तास इतके मोलाचे.

मुलगा जर्मनमध्ये उत्तर देतो तेव्हा काय करायचं? रस्त्यात खोदकाम चाललंय असं धरा. मुलगा ओरडतो, 'बागर!' आई म्हणते, 'हो रे, बागर.' इथे मराठीची गरज संपली. त्याऐवजी :

'कुठंय जेसीबी? अरे हो! खड्डा खणतोय का बुजवतोय?'
'खणतोय.'
'आणि माती कुठे टाकतोय?'
'... लास्टवागन.'
'ट्रकमध्ये टाकतोय होय? भरला का ट्रक?'
'नाही भरला.'

यात 'मराठीत बोल' असं आई एकदाही म्हणाली नाही. 'हे का ते' असा प्रश्न टाकला की उत्तराचा शब्द प्रश्नातच असतो, मुलाला तो फक्त उचलायचा असतो. जर्मन शब्द आला की आपण तोच मराठीत म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा. 'मराठीत सांग बघू' म्हटलं की जेसीबी राहतो बाजूला आणि तोंडी परीक्षा सुरू होते, मूल गप्प होतं. 'मला जर्मन कळतच नाही' असं सोंग आईने आणू नये, शेजारणीशी ती जर्मन बोलताना तो रोज ऐकतो. तुम्हाला मात्र सोंग आणायची गरजच नाही, तुम्हाला खरंच कळत नाही. 'काय रे? मला नाही समजलं, हात लावून दाखव' हे तुम्ही म्हणालात तर ते खोटं वाटत नाही.

आता तुमची बाजू. फोन त्याच्या तोंडापुढे धरून 'बोल आजीशी' म्हटलं की या वयाचं कुठलंही मूल पळतं. त्यात आपण विचारतो काय, तर 'ओळखलंस का मला? जेवलास का? काय जेवलास?' रोज तेच तीन प्रश्न. त्यापेक्षा हातात काम घ्या. तुम्ही मटार सोला, तिकडे लेकीने त्याच्यापुढे चार शेंगा ठेवाव्यात. कुणाच्या शेंगेत किती दाणे, किडका कुठला, कुणी खाल्ला. किंवा डब्यात काहीतरी लपवून डबा हलवून आवाज ऐकवा. एका वेळी दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. दहाव्या मिनिटाला रंगात असला तरी थांबवा, म्हणजे पुढच्या वेळी तो आपणहून येईल. वेळेचं बघा : उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते. तिकडे संध्याकाळी सहाला मूल दमलेलं असतं, इकडे साडेनऊला तुम्ही पेंगत असता. तिकडची सकाळी साडेसातची न्याहारी म्हणजे तुमचे अकरा, हे दोघांनाही बरं पडतं.

काकांना एक खास काम आहे. हा मुलगा मराठी शिकतोय ते फक्त आईकडून, त्यामुळे तोंड उघडेल तेव्हा 'मी जाते, मी आले, मला भूक लागली म्हणून मी रडले' असं बोलण्याची दाट शक्यता आहे. हसू नका, आणि 'तू काय मुलगी आहेस?' असं तर कुणालाही म्हणू देऊ नका. एवढ्यावरून मुलं महिनोन्‌महिने बोलायचं सोडतात. पुरुषाच्या तोंडचं 'मी आलो, मी खातो, मी विसरलो' त्याने ऐकलेलंच नाही, कारण बाबा तमिळ बोलतात. म्हणून फोनवर आणि ऑगस्टमध्येही काकांनी हातातलं काम बोलून दाखवत करावं : 'मी आता चष्मा शोधतो. कुठे ठेवला मी? हां, सापडला! आता पेपर वाचतो.' चूक झाली तर नुसतं 'हो, तू आलास ना!' म्हणून पुढे जायचं.

उच्चारांचंही थोडं. जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क श्वास सोडून म्हणतात, त्यामुळे त्याचा 'पाय' तुम्हाला 'फाय' ऐकू येईल. 'चमचा'तला च जमायला अडचण येणार नाही, जर्मनचा झेड जवळपास तसाच आहे. ळ त्याला तमिळमधूनही मिळतो, तेव्हा बाबांचे आभार माना. ख-घ-भ मात्र तमिळमध्ये वेगळे नाहीत, ते तुमच्याकडून आणि आईकडूनच कानावर पडायला हवेत. शब्द सुधारून परत म्हणायला लावू नका, तुमच्या वाक्यात तो पुन्हा नीट येऊ द्या.

ऑगस्टची तयारी आत्तापासून करा. पहिलं काम नातेवाइकांचं. परदेशातून आलेलं मूल दिसलं की आपली माणसं का कोण जाणे हिंदी-इंग्रजीत शिरतात : 'बेटा, वॉटर पिओगे?' कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच टाका :

'आमचा नातू येतोय. त्याला मराठी सगळं कळतं. त्याच्याशी नेहमीसारखं मराठीच बोला. जर्मन बोलून दाखव असं म्हणू नका. तो जर्मन बोलला तर हसू नका, आपलं मराठी चालू ठेवा.'

दुसरं काम मुलांचं. वीस मोठ्या माणसांपेक्षा सोसायटीतली चार ते सात वर्षांची दोन मुलं जास्त मराठी शिकवतात. ऑगस्टमध्ये शाळा चालू असतात, तेव्हा ती पाचनंतरच मिळतील. रोज तीच दोन-तीन मुलं हवीत. जवळच्या बालवाडीत तीन-चार आठवडे रोज दोन तास बसू देतील का, हे येण्याआधीच विचारून ठेवा. आयत्या वेळी नकार मिळतो. पाटीवर काय लिहिलंय ते पाहू नका, बाई मुलांना रागावतात कोणत्या भाषेत ते दारात दहा मिनिटं उभं राहून ऐका.

पहिला आठवडा तो गप्प राहील, कदाचित दुसराही. नव्या माणसांत हे होतंच, रोज 'बोलला का?' असं मोजू नका. लेकीने त्या दिवसांत दुभाष्याचं काम करायचं नाही. 'आजी म्हणते पाणी हवं का' हे तिने जर्मनमध्ये सांगितलं की तुमचं वाक्य वाया गेलं. तिने चक्क रोज दोन-तीन तास घराबाहेर जावं, मैत्रिणींना भेटावं.

शिकवणी नको, रोजची कामं द्या. घाटावर पुराचं पाणी नसेल तर बुधवारच्या बाजारात दहाचं नाणं त्याच्या हाती देऊन कोथिंबिरीची जुडी त्यालाच घ्यायला लावा. भाजीवाली मावशी काही जर्मन बोलायची नाही. आणि गोदावरी चढली तर नाशिकसारखा धडा दुसरीकडे कुठे मिळणार? घाटावर नेऊ नका. पूर किती चढला हे ज्याच्यावरून मोजतात त्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा फोटो पेपरात येतोच, तो कापून भिंतीवर लावा. काल पाणी मारुतीच्या पायाला लागलं होतं, आज गुडघ्यापर्यंत आलं, उद्या कमरेच्या वर जाईल का? मग उतरलं की छातीच्या खाली, मांडीपर्यंत, पावलापाशी. पेन्सिलने रोज रेघ त्याने मारायची. अवयवांची नावं त्याला बहुधा येत असतील. पण गुडघा-गुडघ्याला-गुडघ्यापर्यंत, कंबर-कमरेच्या वर, हे बदल ओरडून आणि रेघा मारून जेवढे पक्के बसतात तेवढे पुस्तकाने बसत नाहीत. पोळ्याला मातीचे बैल आणा, त्यांना चारा घालणं, गोठ्यात बांधणं, पळवणं यात क्रियापदांची खाण आहे. कार्टून मात्र नको, मराठीतलंही. ते उत्तर मागत नाही.

जावई आले की मुलाचं तमिळ अचानक लाजेल, कारण आसपास सगळे मराठी. त्यांना रोज अर्धा तास मुलासोबत वेगळी खोली किंवा गच्ची मिळू द्या, आणि 'अंडुगुंडु' वगैरे विनोद घरात कुणी करत असेल तर ते बंद करा. बापाच्या भाषेला लोक हसतात हे मूल पाहतं आणि पुढे आईच्या भाषेशीही तसंच वागतं.

अक्षरांची घाई करू नका. पावणेचार हे लिहिण्याचं वय नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास, तिकडे शाळा सुरू होते त्या वेळी, स्वतःच्या नावाची आणि आई, आजी एवढीच अक्षरं घेऊन आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं पुरतात. पहिलीचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. सध्या मोठ्याने वाचून दाखवायची पंधराएक चित्रपुस्तकं त्याच्या सामानात घाला, आणि त्यातल्या पाच पुस्तकांची दुसरी प्रत स्वतःकडे ठेवा. मोजकी पानं, भरपूर चित्रं, एका पानावर दोन-तीन ओळी अशी बघा. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात त्याला एकदा न्या, १८४० पासूनचं आहे म्हणून नव्हे, तर पुस्तकं निवडताना त्याचे डोळे कशावर थांबतात ते कळावं म्हणून.

परत गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत जर्मन पुन्हा वर येईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा त्या पाच पुस्तकांचा उपयोग : तुमच्या हातात एक, त्याच्या हातात तेच, पान त्याने उलटायचं आणि तुम्ही मुद्दाम चुकीचं वाचायचं. 'मांजर झाडावरून खाली चढलं.' तुमची चूक पकडायला त्याला मराठीच बोलावं लागेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि अंतर साडेचार तासांचं होतं, तेव्हा अकराचा फोन बाराला घ्या.